पालकाची सही

मी वाचायला शिकले ते सहासष्टाव्या वर्षी. गावात साक्षरता वर्ग निघाला, पण मास्तर यायचा आठवड्यातून एकदा. खरं शिकवलं माझ्या नातवंडाने. तेव्हा ते सहावीत होतं. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं, पाटी माझ्या मांडीवर ठेवायचं आणि माझ्याच आवाजात मला दरडावायचं. परीक्षेच्या दिवशी पारावरचा तोताराम ओरडला, "धुरपदाबाई, नापास व्हयनी तर नवरा कोन करी तुले?" मी पास झाले. प्रमाणपत्र देवघराशेजारी लावलं.

शिकण्यामागे माझं कारण होतं. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या भावांनी एका कागदावर माझा अंगठा घेतला होता. बापाच्या जमिनीतला माझा हिस्सा मी सोडला, असं त्यावर लिहिलेलं होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं, की वाचल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही.

आता त्या लेकराबद्दल. माझा मुलगा मोतीलाल केळी कापणाऱ्या टोळीत आहे. त्याचे आणि माझी सून ताईबाई हिचे पहिले दोन मुलगे महिन्याच्या आत गेले. तिसरा झाला तेव्हा मी आमच्याकडची रीत केली. फाटक्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं आणि तिच्याकडून मी ओंजळभर दादर ज्वारी देऊन परत घेतलं. नाव ठेवलं चिंधा. नाक टोचलं. एवढ्यावर माझं भागलं नाही. पाच वर्षं झगा घालायचा, वेणी घालायची आणि घरात हाक मारायची रूपा, असा नवस मी केला. ज्याने दोन नेले त्याला कळू नये, की या घरात मुलगा आहे.

पाच वर्षं पूर्ण झाली, तसे मनुदेवीला जाऊन केस दिले. नवी पँट घातली. परतताना ते लेकरू चोपड्यापर्यंत रडत आलं. झगा पाहिजे म्हणायचं. आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

मग ते मोठं झालं. रोज एसटीने चोपड्याच्या शाळेत जाऊ लागलं. नववीत होतं तेव्हा एका दुपारी माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणालं, "मोठी माय, आम्हनी मॅडम माले रूपा म्हनस." मी विचारलं, "काबर?" म्हणालं, "मीच सांगं. माले तेच नाव खरं वाटस." त्याचे हात माझ्या केसांत थांबले होते. मला पुष्कळ समजलं आणि पुष्कळ समजलं नाही. मी म्हटलं, "नानाले नको सांगू." नाना म्हणजे त्याचा बाप. एवढंच बोलले. त्या वर्षी ते लेकरू जेवढं हसलं तेवढं पुन्हा हसताना मी पाहिलं नाही.

दिपमाला मॅडमना आधी वाटलं होतं, चिंधा नावाची पोराला लाज वाटते. नंतर त्यांना कळलं, तरी हजेरी घेताना त्या रूपाच म्हणायच्या. वर्गातली पोरं महिनाभर खिदळली, मग तीही तसंच म्हणू लागली. पण शाळेच्या समितीत कोणीतरी विषय काढला. नियम झाला. रजिस्टरमध्ये आहे तेच नाव घ्यायचं, आणि कोणी विद्यार्थी दुसरं नाव सांगत असेल तर आठ दिवसांत पालकांना लेखी कळवून त्यांची सही घ्यायची. मॅडम म्हणाल्या होत्या, दहावी होऊ द्या, मग मी स्वतः घरी जाऊन बोलते. पण मुख्याध्यापक शालिग्राम सरांनी पत्र तयार करून लेकराच्याच हातात दिलं.

त्या दिवशी मी ओट्यावर शेंगा फोडत होते. लेकरू आलं ते थेट माझ्याजवळ बसलं. चेहरा उतरलेला. घडी केलेला कागद काढला, वरचा भाग हाताने झाकला आणि खालची जागा दाखवली.

"मोठी माय, आठे सही कर."

"काय लिखेल शे?"

"काही नही. शाळाना कागद शे. पालकनी सही लागस. तूबी पालकच शे ना?"

"वाचाशिवाय मी सही नही करसू."

"मीच तुले शिकाडं, आते मन्हीच मास्तरीन व्हयनी का!" ते हसलं, पण डोळ्यांत पाणी होतं. "कर ना, माय. एकडाव. नको वाचू."

मला त्या वेळी भावांचा कागद आठवला. त्यांनीही असंच म्हटलं होतं, अक्का, वाचायचं काय त्यात, आम्ही आहोत ना. मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला.

ते हळूच म्हणालं, "वाच. पन आवाज नको करू."

मला मनात वाचता येत नव्हतं. उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षर तोंडाने म्हटल्याशिवाय दिसत नाही. मी कुजबुजत सुरू केलं. पण शाळेच्या कागदात जोडाक्षरं फार. विद्यार्थी या शब्दाला मी अडले. अडले की माझा आवाज चढतो, तशी माझी सवयच होती. तीनदा म्हटला तो शब्द. मग पुढचं धडाधड आलं, आणि नीट वाचता येतंय म्हणून मला आणखी जोर आला. "आपला पाल्य चिंधा मोतीलाल हा विद्यार्थी शाळेत स्वतःस रूपा या मुलीच्या नावाने संबोधावे असे सांगत असून..."

त्या दिवशी केळीची गाडी आलीच नव्हती. मोतीलाल मागच्या दाराने येऊन आत खाटेवर पडला होता. हे मला माहीत नव्हतं, लेकराला नव्हतं, आणि ताईबाई तर पाण्याला गेली होती.

तो दारात येऊन उभा राहिला. माझ्या हातातला कागद घेतला. आठवी शिकलेला आहे, एका दमात वाचून झाला त्याचा. त्याने हात उचलला नाही. उचलला असता तर मी मध्ये पडले असते.

"बठ्ठा चोपडाले माहीत शे," तो म्हणाला, "फक्त मालेच नही." मग माझ्याकडे वळला. "माय, हाई नाव तूच ठेवेल शे ना?"

लेकरू भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होतं. बापाकडे नाही, माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी मोतीलालने शाळेतून दाखला काढला. मी मागे मागे गेले होते. शालिग्राम सर म्हणाले, "आम्ही नियमाप्रमाणे कळवलं, आजी. पुढचं घरचं काम." दिपमाला मॅडम वऱ्हांड्यात उभ्या होत्या. त्यांनी मोतीलालला हाक मारली. तो थांबला नाही. मग माझा हात धरून त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही सही करून दिली असती तर चाललं असतं. मी त्याला तेच सांगितलं होतं."

आता ते धुळ्याला आहे, मामाकडे. धनसिंगचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. डोक्यावर मशीन फिरवलेली, काळे कपडे. नाकाचं छिद्र मात्र बुजलेलं नाही, असं ताईबाई सांगते. ती दोनदा जाऊन आली. दहावीचं काय, म्हणून तिने विचारलं तर धनसिंग म्हणाला, पाना धरायला दहावी लागत नाही. फोनवर ते आईशी हो आणि नाही एवढंच बोलतं. माझ्या हातात फोन आला की बंद होतो.

मी पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. पण वर नाव काय घालावं? आलेला कागद आधी धनसिंग फोडतो. रूपा लिहावं तर लेकराचे हाल होतील. शेवटी चिंधा लिहून टाकलं. उत्तर आलं नाही. येणार नाही हे लिहितानाच कळलं होतं.

लेकरू धुळ्याला गेलं त्या आठवड्यात भाकरी थापता थापता ताईबाईने एकदाच विचारलं, "मनमां काबर नही वाचं तुम्ही?" रागाने नाही. नुसतंच विचारलं. परत कधी विचारलं नाही.

शाळेचा तो कागद मोतीलालने फेकला होता. मी उचलून ठेवला. दुपारी घरात कोणी नसलं, की काढते. ओठ दातांखाली धरून वाचते. आधी जमायचं नाही, ओठ सुटायचे. आता जमतं. विद्यार्थी या शब्दालाही अडत नाही. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचून होतं आणि जरासाही आवाज होत नाही. खाली पालकाच्या सहीची जागा आहे. ती कोरी आहे.