तेल कुठे जातं

कुसुमताईंना संशय घ्यायला एरवी कारण लागत नसे, पण या वेळी कारण होतं. तेलाचा डबा आठवडाभरही पुरेना. बिबवेवाडीतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत त्यांचा चकल्यांचा उद्योग बारा महिने चाले, आणि तिथे तळायला एकट्या यमुनाबाई. संध्याकाळी जाताना त्या खुंटीवरची कापडी पिशवी काखेत मारून निघत. कुसुमताईंची नजर हल्ली त्या पिशवीवरून हटत नव्हती.

यमुनाबाई जुन्या, कुसुमताईंच्या मुलीच्या लग्नातला सगळा फराळ त्यांच्याच हातचा. पण माणूस जुनं झालं की डोळ्यांत धूळ फेकायलाही सरावतं, असं कुसुमताईंचं मत होतं. त्यांनी डबा बेडरूमच्या कपाटात कुलपात ठेवला. कढईत तेल स्वतः मोजून ओतायला लागल्या, तेही अर्ध्याच्या खाली. तेवढ्यातच भागावं म्हणून एकेका घाण्यात चकल्या जास्त सोडायला सांगितल्या. तरीही डबा पूर्वीपेक्षा लवकर संपला. म्हणजे बाई भलतीच हुशार आहे, हे त्यांना पटलं.

त्यातच स्वारगेटच्या दुकानदाराने माल परत पाठवला. चकल्या मऊ आणि तेलकट. दिवाळीच्या आधी नीट नमुना आला नाही तर दुसरीकडे बघतो, असा त्याचा निरोप होता. कुसुमताईंनी मनातल्या मनात खटला चालवून निकालही देऊन टाकला. दिवाळीपूर्वी यमुनाबाईंना काढायचं. राहिला होता तो फक्त पुरावा.

पुराव्याची सोय घरातच होती. त्यांचे यजमान श्यामराव विमा कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा मुलीने त्यांना कॅमेरा दिला होता, आणि दर रविवारी ते फोटोग्राफीच्या क्लासला जात. प्रगती बेताचीच होती. एकदा त्यांनी मोठ्या हौसेने फोटो दाखवला, तेव्हा कुसुमताई म्हणाल्या होत्या की धूर छान आलाय. ते सोसायटीचं मांजर होतं. आता मात्र त्यांनी डबा मुद्दाम मागच्या खोलीत आणून ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं की सरावाचं निमित्त करून मागच्या खोलीत बसा आणि बाईचे हात, डबा, पिशवी यांवर कॅमेरा रोखून ठेवा. श्यामराव कुरकुरले. पण त्या घरात कुरकुरायचा हक्क फक्त चकलीला होता, आणि हल्ली तीही कुरकुरत नव्हती.

क्लासच्या सृष्टी मॅडम एकच गोष्ट घोकून घेत. स्टँड हलवायचा नाही आणि एका वेळी एकच बटण फिरवायचं. चार बटणं एकदम फिरवली तर फोटो कशाने सुधारला ते कळणार कसं? श्यामराव आज्ञाधारक विद्यार्थी. खिडकीपाशी स्टँड रोवून त्यांनी दिवसभर त्याच जागेवरून फोटो काढले. यमुनाबाई मधूनमधून पदर नीट करत होत्या.

रात्रीच्या जेवणाआधी दोघं संगणकापुढे बसली. पिशवी खुंटीवर होती तशीच, चपटी. तेलाला कुसुमताईंखेरीज कुणी हात लावलेला नव्हता. पण कढईचे फोटो ओळीने पाहताना श्यामराव थांबले. जागा तीच, उजेड तोच, आणि प्रत्येक घाण्यागणिक तेल खाली खाली गेलेलं.

"चकल्याच पितायत गं तेल," ते म्हणाले.

मग तिनेच पिठातलं मोहन बिघडवलं असणार, असं कुसुमताईंचं लगेच उत्तर. त्यांना उद्याच्या उद्या भाजणी, गॅस आणि बाई, तिन्ही बदलायची होती. श्यामराव आयुष्यात पहिल्यांदाच अडून बसले.

"तिन्ही एकदम बदललीस आणि चकली सुधारली, तर तू जन्मभर तिलाच चोर म्हणशील. आधी नुसती कढई भरून बघ."

दुसऱ्या दिवशी कढई भरली. बाकी सगळं तेच ठेवलं. चकली जरा सुधारली. त्याच्या दुसऱ्या दिवशी घाण्यातल्या चकल्या कमी केल्या, आणि चकली खुसखुशीत झाली. थोड्या तेलात गर्दी केली की तेल निवत होतं, आणि निवलेलं तेल चकल्या पीत होत्या. त्याआधी डबा लवकर संपत होता तो नुसत्या वाढलेल्या मागणीने. दुकानदाराने दिवाळीची मागणी पक्की केली. कुसुमताईंना इतकं हलकं वाटलं की न केलेल्या चोरीबद्दल त्यांनी यमुनाबाईंना मनोमन माफही करून टाकलं.

त्या दुपारी यमुनाबाई श्यामरावांना म्हणाल्या, "भाऊ, एवढं फोटू काढलं माझं. एखादा द्या की, लेकीला धाडते."

कुसुमताई काही बोलायच्या आत श्यामरावांनी खुशीत संगणक उघडला. हात. डबा. पुन्हा हात. खुंटीवरची पिशवी, झूम करून अगदी जवळून. पुन्हा पिशवी. श्यामरावांचं बोट जड होत गेलं, पण यमुनाबाई शेवटपर्यंत बघत राहिल्या.

"तोंड न्हाई हो कुठं माझं," त्या म्हणाल्या.

श्यामरावांनी संगणक बंद केला. यमुनाबाईंनी उरलेले घाणे तळले, कढई घासली. निघताना पिशवी खुंटीवरून काढून कुसुमताईंसमोर ओट्यावर उपडी केली. जेवणाचा रिकामा डबा, छत्री, गोळ्यांचं पाकीट.

"अहो यमुनाबाई, मी कुठे काय म्हटलं?" कुसुमताई घाईघाईने म्हणाल्या.

"तुमी कशाला म्हनाल, वहिनी. बघून घ्या."

दुसऱ्या दिवशीही तेच. दिवाळी झाली, चकलीचं नाव झालं, दुकानदाराने मागणी वाढवली. यमुनाबाई आजही वेळेवर येतात, मन लावून तळतात आणि निघताना पिशवी उपडी करतात. नको म्हणून सांगून झालं, पगार वाढवून झाला. काल कुसुमताईंना ते बघवेना, त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या परत वळेपर्यंत यमुनाबाई ओट्यापाशी थांबून राहिल्या.