कातड्याच्या नोटा

पहिलं पोर झालं की बेटावर आईचं स्वतःचं नाव सुटतं. म्हणून ती माक साब्री, साब्रीची आई. साब्री चार वर्षांपूर्वी बोर्निओला गेला. जो जाईल त्याने परत पाऊल ठेवायचं नाही, हा बेटाच्या मालकाचा कायदा. पोराचं तोंड दिसणार नव्हतं, पण त्याचं नाव दिवसभर कानावर पडे, तेवढंच सुख.

तिकडच्या मळ्यावर त्याला हिवताप जडल्याचं कळलं, तेव्हापासून ती मर मर नारळ सोलत होती. मजुरीत मिळत मेंढीच्या कातड्याच्या नोटा, त्यावर मालकाची ऐटबाज सही. दुसरा पैसा बेटावर कोणी जन्मात पाहिला नव्हता. वर्षातून दोनदा जहाज येई. त्यावरचा आचारी सालेह, त्याच्याकडे ती नोटांचं पुडकं देई. "औषधाला हात आखडू नको म्हणावं." पुढच्या खेपेला सालेह सांगे, "पोचले, माक. बरा आहे."

या खेपेला त्याने सगळी पुडकी तिच्या ओटीत ठेवली.

"साब्री गेला, माक. रमजानच्या आधीच."

ओटीतल्या पुडक्यांकडे बोट करून तिने विचारलं, "आणि हे?"

"तिकडे हे चालत नाही. दुकानदार म्हणाला, चपला शिवायच्या का याच्या?"

"मग तू दर वेळी पोचले म्हणून..."

"साब्रीने शपथ घातली होती. म्हणे, आई त्या आशेवर जगतेय."

तिला रडूही येईना. उशिरा का होईना, त्याच्या चाळिसाव्याचं जेवण तरी घालावं, म्हणून ती मालकाच्या दुकानात गेली. दुकान सांभाळणाऱ्या वाक राउसला अजून काही कळलं नव्हतं.

"अरेच्चा, माक साब्री! एवढ्या नोटा? दुकानच उचलून नेतेस की काय?"

"तांदूळ दे."

तो तांदूळ मोजत असताना तिची नजर वरच्या फळीवर गेली. धुळीने माखलेल्या तपकिरी बाटल्या. मीठ न्यायला, दोरा न्यायला ती इथेच येऊन उभी राहायची.

"त्या कसल्या रे?"

"त्या होय? कोयनेल. हिवतापावरचं. इथे कोणाला येतोय हिवताप! वर्षानुवर्षं पडून आहे. नोटेला एक बाटली, पण घेतंय कोण?"

माक साब्रीने हातातल्या नोटांकडे पाहिलं. याच नोटा. याच हातांनी तिने त्या समुद्रापार धाडल्या होत्या.

"सगळ्या काढ," ती म्हणाली.

"सगळ्या? अगं, आजारी कोण आहे?"

तिने नोटा एकेक करून त्याच्यापुढे मांडल्या.

"साब्री," ती म्हणाली.