पुढच्या खुर्चीत पाऊण तास

ताडकळसच्या बायनाबाईला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि तेवढ्यासाठी ती त्या सोमवारी एसटीडीच्या बूथवर गेली होती. ‘बन्सी, मी थकले. या खेपेला मला व्हत न्हाई.’ वाटेनं तिनं ते चारदा घोकलं. पोराशी बोलायला घोकावं लागावं, यातच सगळं आलं.

बन्सीधर तिचा धाकटा. मुंबईत एका नव्या विमान कंपनीच्या ऑफिसात कारकून. त्याच्या बायकोचं, कावेरीचं, दुसरं बाळंतपण तोंडावर आलं होतं. पहिलं माहेरी झालेलं, म्हणजे दुसरं सासूनं करायचं. यात कुणी कुणाला विचारत नाही. बायनाबाईनं आजवर अकरा बाळंतपणं काढली होती. लेकींची, थोरल्या सुनेची, नणंदांची, एका चुलत जावेचं. प्रत्येक वेळी सव्वा महिना शेकशेगडी, मालिश, न्हाऊ घालणं, दुपटी धुणं. अकरावं दिवाळीत उरकलं आणि लगेच कापसाची वेचणी आली. आता एकदा वाकली की सरळ व्हायला तिला दाराची चौकट धरावी लागायची. घरात हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. पण घरच्या बाईची कंबर दुखणं ही काही बातमी नसते.

फोन लागला आणि तिनं तोंड उघडायच्या आत बन्सीधर तिकडून ओरडला, ‘माय, आधी माझं ऐक! तुला इमानाचं तिकीट धाडायलोय! कंपनीनं इमानात पुढं नवा वर्ग काढलाय, सोफ्यासारख्या खुर्च्या हायेत. नोकराच्या आईबापाला एकदा फुकट. सायबानं सही केली बग! औरंगाबादला बसायचं, पाऊण तासात मुंबई!’

आता एवढ्या आनंदापुढं ‘थकले’ कसं म्हणायचं? नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि तोच तर संपला होता. बायनाबाई ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवून आली.

तिकीट रजिस्टरनं आलं. शाळेतल्या दिनकरराव मास्तरांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं. जाऊबाई सरजाबाई दारात येऊन म्हणाली, ‘बायनाबाई, नशीब काढलंस बग. बाळातीण व्हायली सून, अन् इमानात बसायली सासू!’ आणि चंद्रभान, म्हणजे बायनाबाईचा नवरा. ज्या माणसानं तीस वर्षांत बायकोला परभणीचा बाजार आपणहून दाखवला नव्हता, तो आता चहाच्या हॉटेलात बसून विमानातली खुर्ची केवढी रुंद असते ते दोन्ही हात पसरून दाखवत होता.

बायनाबाई गाठोडं बांधत होती. डिंकाचे लाडू, खारका, ओवा, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. मुंबईचं पीठ कावेरीला मानवत नाही, म्हणून घरची पाच किलो ज्वारी. जायचंच आहे तर रीतीनं जायचं, असा तिचा स्वभाव. या स्वभावानंच तिचा घात केला होता, पण ते तिला कोण सांगणार?

मास्तरांचं औरंगाबादला काम होतं, म्हणून विमानतळापर्यंत सोबत त्यांची. ताडकळस ते परभणी ती एसटीत उभ्यानं आली. परभणीहून पुढं जागा मिळाली, पण वर सामानाला जागा नव्हती. गाठोडं दिवसभर मांडीवर. मुक्काम मास्तरांच्या बहिणीकडं होता. तिथं पोचल्यावर मास्तरांनी पाय धुतले आणि लोडाला टेकले. बायनाबाईनं पाय धुतले आणि पदर खोचून चुलीपुढं बसली. परक्या घरी आयतं कसं खायचं? आठ माणसांच्या भाकरी थापल्या. त्या घरची माउली तोंडदेखलं ‘राहू द्या’ म्हणाली खरी, पण परात तिनंच पुढं सरकवली.

सकाळी मास्तर विमानतळाच्या दारात म्हणाले, ‘काकू, वरून खालचं नीट बगून ठिवा. गाव इचारणार.’

विमानात चढल्याबरोबर पहिल्याच रांगेत तिची खुर्ची. दोन माणसं ऐसपैस मावतील एवढी. पायाखाली पाटासारखं काहीतरी वर येत होतं, आणि मागची गर्दी पडद्याआड होती. बायनाबाई कडेला टेकली, गाठोडं मांडीवर घेऊन. हवाई सुंदरी म्हणतात ती पोरगी आली. मराठी होती, पुण्याकडची असावी.

‘आजी, द्या ते, वर ठेवते.’ तिनं एक हात घातला, मग मुकाट्यानं दुसराही घातला.

विमान उठलं. पोरीनं ट्रे आणून ठेवला. चहा, बिस्किटं, कापलेली फळं. बायनाबाईनं चहा घेतला, फळं खाल्ली, बिस्किटं नातवाला म्हणून पदरात बांधली. मग पट्टा सोडला, कपबशी आणि ताटली उचलली, आणि पोरीनं आधी दाखवलेल्या मोरीत शिरली. तोटी दाबून दाबून तिनं सगळं धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि पोरीपुढं धरलं. कुणाकडंही खाल्लं तरी आपलं ताट आपण घासावं, ही तिची रीत होती, आणि जमीन सुटली म्हणून रीत सुटत नाही.

रांगेतला एक साहेब पेपरामागं हसला. पोरगी हसली नाही. तिनं कपबशी घेतली, बायनाबाईचा ओला हात धरला आणि तिला खुर्चीत आणून बसवलं.

‘हे माझं काम आहे, आजी. तुम्ही फक्त बसा.’ तिनं खुर्ची मागं केली, बायनाबाईचे पाय वर घेतले, अंगावर पांघरूण घातलं. मग वाकून विचारलं, ‘थकलात का?’

‘व्हय बाई,’ बायनाबाई म्हणाली. ‘लय थकले.’

आणि मग तिला कळलं की आपण बोललो. बूथवर घोकून नेलेलं, घरी ओठावर येऊन गिळलेलं, ते वाक्य एका अनोळखी पोरीपुढं सहज बाहेर पडलं होतं. काही झालं नाही. कुणी ‘तुला काय झालं थकायला’ म्हणालं नाही. पोरगी नुसती ‘मग पडा जरा’ म्हणाली. बायनाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिला त्याची लाज वाटली आणि बरंही वाटलं. तिनं पांघरूण तोंडावर घेतलं. गावाला सांगण्यासारखं जे काही खाली होतं, ते तसंच मागं निघून गेलं. तिनं पाहिलंच नाही. ती झोपली होती.

मुंबईला बन्सीधर विमानतळाच्या दारातच उभा होता. पाया पडला, आणि लगेच सुरू झाला. ‘मुलगी झाली, माय! परवा. कावेरी वाट बगायलीय. मालिशवाली बाई लावली व्हती, तिला कालच बंद केली. म्हणलं, आता माय यायलीय.’

बायनाबाई चालता चालता थांबली. भिंतीला बाक होता. गाठोडं पायाशी ठेवून ती त्यावर बसली.

‘बन्सी, मी थकले.’

बन्सीधर हसला. वाईट हसला नाही, लाडानंच हसला. ‘इमानात कोण थकतंय, माय? पाऊण तास तर बसून आलीस.’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘जलमात तेवढंच बसले.’

त्याचं हसू होतं तिथंच राहिलं. ती शांतपणे म्हणाली, ‘त्या बाईला उद्यापासून परत बोलाव. नातीला मी मांडीवर घीन. लाडू चारीन सुनंला. पर न्हाऊ-मालिश माझ्यानं व्हत न्हाई आता.’

बन्सीधरनं एका हातानं गाठोडं उचलू पाहिलं. ते उचलेना. दोन्ही हात लावले.

‘केवढं जड हाय हे! कुठून उचलून आणलंस?’

‘ताडकळसहून,’ बायनाबाई म्हणाली.

बन्सीधरनं गाठोडं खाली ठेवलं. बाहेर रिक्षावाला हात करत होता, त्यानं त्याला खुणेनं थांबायला सांगितलं आणि आईशेजारी बसला.

‘बस, माय,’ तो म्हणाला.

बायनाबाई बसलेलीच होती. तिनं पाय वर घेतले.