तिसरं कार्ड

"मी इथंच मरते. तुम्ही पुढं व्हा," असं म्हणून एफीने गोल्फच्या मैदानातल्या बाराव्या होलजवळच्या बाकावर बैठक मारली.

"मर की, कोण नको म्हणतंय?" मोराग म्हणाली. "पण अठरावा होल झाल्यावर. कार्ड दिल्याशिवाय मरायची परवानगी नाही. कमिटीचा नियम आहे."

एफी हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. आयझा गोल्फच्या काठ्यांच्या दोन हातगाड्या ओढत होती, एक स्वतःची आणि एक एफीची. तिने त्या ओकच्या झाडाला टेकवून ठेवल्या, थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि एफीच्या हातात दिला. चहा पिताना तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता. आयझाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सकाळपासून ती हेच करत होती.

नियम खरंच होता. महिलांचा मंगळवार क्लबमध्ये पन्नास वर्षं चालत आला होता. एके काळी तीस-तीस बायका यायच्या, नंतर बारा झाल्या, नंतर पाच. तेव्हा कमिटीने ठराव केला, की लागोपाठ तीन मंगळवार अठरा होलच्या फटक्यांची तीनपेक्षा कमी कार्डं आली तर हा वार बाहेरगावच्या पाहुण्यांना द्यायचा आणि बायकांनी गुरुवारी दुपारनंतर खेळायचं. मागचे दोन्ही मंगळवार एफी छातीच्या दुखण्याने अंथरुणात होती. आज तिसरा, आणि आता उरल्या होत्या तिघीच. चौऱ्याऐंशी वर्षांची एफी, अठ्ठावीस वर्षं टपाल वाटून पायांची लाकडं झालेली मोराग आणि शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली आयझा, या तिघींनी अठराही होल पुरे करून तीन कार्डं सेक्रेटरीच्या खिडकीत द्यायची होती. पावसाने जमीन भिजलेली, म्हणून बसून फिरायच्या गाड्या बंद. सगळं पायी.

मोरागला गुरुवार चालला असता. एफीला कुठलाच वार चालण्यासारखा उरला नव्हता. राहता राहिली आयझा. तिचा नवरा वॉटी चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने पडला. उजवा हात गेला, बोलणं गेलं, राग तेवढा शाबूत राहिला. मंगळवारी नऊ ते चार सरकारी मदतनीस शोना येऊन त्याच्यापाशी बसायची. दुसरा वार मिळेल का म्हणून आयझाने दोनदा विचारलं होतं. मिळणार नव्हता. आठवड्याचे सहा दिवस भरवणं, पुसणं, उचलणं, आणि सातव्या दिवशी हे बीच आणि ओकचे रांगेतले वृक्ष, ओलं गवत आणि कुणी काही न मागणारे सहा तास. खेळ तिला कधीच धड जमला नाही. पण हा वार गेला तर जगायचं कसं, हे तिला खरोखर समजत नव्हतं.

"चल गं," ती एफीला म्हणाली. "सहाच राहिले."

"सहाच म्हणे! तुला म्हणायला काय जातंय?" एफीने हात पुढे केला. आयझाने तिला उठवलं.

तेरावा होल कसाबसा झाला. चौदाव्यावर एफीला दर दहा पावलांवर थांबावं लागलं. मागून येणाऱ्या दोन पुरुषांना त्यांनी वाट करून दिली. त्यातल्या एकाने टोपी उचलली आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या, आजीबाई." एफीने त्याची पाठ वळेपर्यंत दम धरला आणि मग अशी एक शिवी हासडली की मोराग चाटच पडली.

पंधराव्या होलला आडवा ओढा आहे. एफीचा पहिला चेंडू पाण्यात गेला. दुसराही गेला. तिसरा काठावर आपटला, क्षणभर थबकला आणि तिघींच्या डोळ्यांदेखत हळूच घरंगळून आत गेला.

"आता माझा जीव पण टाक त्यात," एफी म्हणाली. तिचे ओठ निळसर दिसत होते.

गोल्फमध्ये आपले फटके आपण मांडायचे नसतात, सोबतीणीने मांडायचे, आणि शेवटी दोघींनी सही करायची. एफीचं कार्ड आयझाच्या खिशात होतं. मोरागने तिला बाजूला घेतलं.

"आठ लिही आणि पुढं चल. नाहीतर असं कर, उरलेलं सगळं इथंच लिहून टाक आणि तिला घरी ने. कोण बघतंय? झाडं?"

"ते खोटं होईल."

"आणि ती आडवी झाली तर ते काय होईल? रंग बघितलास का तिचा?"

आयझाने बघितला होता. चहाच्या वेळेपासून बघतच होती. तिने पेन्सिल काढली, एफीजवळ गेली आणि चाचरत म्हणाली, "एफी, पुरे झालं. मी कार्ड भरते. आपण सरळ क्लबच्या दाराशी जाऊ."

"भरते म्हणजे? न मारलेले फटके?"

"मोठेच आकडे लिहिते. जास्त फटके, म्हणजे फुकटचा फायदा काही नाही."

"आणि सही कोण करणार? मीच ना?" एफीचा आवाज चढला. "चौऱ्याऐंशी वर्षांत खोट्या कागदावर सही केली नाही मी. लग्नात वय दोन वर्षं कमी सांगितलं तेवढं सोड, त्याला तो मेला नवरा स्वतःच जबाबदार होता." तिने श्वास घेतला. "खरं सांग आयझा. हे कुणासाठी चाललंय? माझी हौस म्हणून तर मला इथवर आणलं नाहीस."

आयझाला तोंड लपवायला जागा राहिली नाही. सकाळी एफीने "आज राहू दे गं" म्हटलं होतं. तेव्हा आयझाच म्हणाली होती, मोकळ्या हवेने बरं वाटेल. मोकळी हवा! स्वतःच्या एका दिवसासाठी ती एका म्हातारीला चिखलातून ओढत होती.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "मला मंगळवार हवाय. तो गेला तर मी त्या घरात वेडी होईन, एफी. माझी लाज वाटते मला, पण हवाय."

ओढ्यापलीकडे एक कबुतर फडफडत उडालं. मोराग भलतीकडेच बघत होती.

"हां. आता कसं," एफी म्हणाली. "हे बाकावरच सांगितलं असतंस तर मी दहा मिनिटं रडगाणं गायलं नसतं. चेंडू आण दुसरा. किती झाले माझे?"

"सहा. दंड धरून."

"मग सहापासून पुढं मोज. आणि ओढ त्या गाड्या. बोलून बोलून दम जातो माझा."

पंधराव्यावर एफीला तेरा लागले, सोळाव्यावर दहा, सतराव्यावर बारा. ती बोलणं सोडून एकेक फटका मारत राहिली. दोन फटक्यांच्या मध्ये मोराग एका बाजूने आणि आयझा दुसऱ्या बाजूने तिच्या काखेत हात घालून चालल्या. फटक्याच्या वेळी दोघींनी हात सोडायचे आणि मागे सरायचं, कारण तसा नियम.

अठराव्याची हिरवळ क्लबच्या खिडकीसमोर आहे. काचेमागे पाच-सहा पुरुष ग्लास घेऊन उभे होते. चेंडू होलपासून वीतभर अंतरावर आला. एफीने तो हुकवला. परत मारला, परत हुकला. मित्रमंडळींत असा चेंडू "घे उचल" म्हणून सोडून देतात, पण या सामन्यात तो आत पडावाच लागतो. आयझा मनातल्या मनात मोजत राहिली आणि एकही फटका तिने गाळला नाही. तिसऱ्या वेळी चेंडू काठावरून फिरून आत पडला. खिडकीमागे कुणी हसलं नाही. एकाने ग्लास खाली ठेवला, एवढंच.

सेक्रेटरी पर्डीसाहेबांनी चष्मा वर करून कार्ड पाहिलं. "एकशे एकाहत्तर? बेरजेत काही चूक..."

"तुम्हीच करा बेरीज," आयझा म्हणाली.

त्यांनी बोट फिरवत सगळे आकडे मोजले. मग तिन्ही कार्डांवर शिक्का मारला. "बरोबर आहे. म्हणजे पुन्हा एकपासून सुरुवात. आणखी तीन आठवडे तुमचे." माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "पुढच्या मंगळवारी तिघी येणार ना?"

"बघू," आयझा म्हणाली.

मोराग बसस्टॉपकडे गेली. एफी आयझाच्या गाडीत पाय बाहेर सोडून बसली होती. तिला वाकता येईना. आयझा खडीवर गुडघे टेकून बसली आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. गाठी पाण्याने आवळल्या होत्या. पाऊल बाहेर आलं तेव्हा मोज्यातही ते सुजलेलं दिसलं.

"माफ कर गं मला," आयझा म्हणाली.

"गप. घरी माझी वाट बघायला तो टीव्हीच आहे फक्त." एफीने डोळे मिटले. "बूट तुझ्याकडेच ठेव. पाच नंबर आहेत. तुला व्हायचे नाहीत आणि मोरागच्या खुरांचं तर नावच नको. कुणी तिसरी मिळाली तर तिला दे."

"आणि नाही मिळाली तर?"

एफीला झोप लागली होती, किंवा तिने तसं सोंग घेतलं होतं.

चार वाजून गेले होते. शोना कोट घालून दारात उभी असणार, वॉटी पलंगाच्या दांडीवर काठी आपटत असणार. तरी आयझा घाईने उठली नाही. मागच्या सीटवरचं वर्तमानपत्र काढून तिने त्याचे बोळे केले आणि बुटांचा आकार जाऊ नये म्हणून एकेक करून ते बुटांत पार टोकापर्यंत दाबून बसवले.