गोमाजी छपरावर चढत नाहीत

गोमाजींचं छपरावरचं नाव मोठं होतं. जमिनीवर ते बरे शेतकरी होते, इतकंच. लाखनीच्या आसपासच्या गावांत पावसाळ्याआधी घरांवरची कौलं, म्हणजे तिकडचे कवेलू, फेरायचे असले की बोलावणं त्यांनाच यायचं. मांजर चाललं तर कवेलू फुटेल, गोमाजी चालले तर फुटणार नाही, असं लोक म्हणत, आणि कुठल्याही मांजराने त्यावर हरकत घेतली नव्हती. पुढे घरोघर स्लॅब पडले. स्लॅबवर काय, कुणीही चालतं.

म्हणून सून रीताच्या पॉलीहाऊसचं छप्पर मळलं, तेव्हा गोमाजींना मनातून बरं वाटलं. लोखंडी कमानींवर ताणलेली ती पांढरी प्लॅस्टिकची पन्नी हायवेची धूळ आणि राइस मिलची काजळी खाऊन म्हशीच्या पाठीसारखी झाली होती. आत उजेड पुरेना, ढोबळी मिरचीची फुलं गळू लागली. रीताची पहिलीच लागवड. झोप तिची उडाली होती.

"झाडू अन् बादली दे. मी चढतो," गोमाजी म्हणाले.

"मामाजी, त्याच्यावर कोणी चढत नसते. पन्नी फाटली त तुम्ही सीधे मिरचीत."

"तुले माहीत नाही मी कोण आहो."

"माहीत आहे, म्हणूनच सांगून राहिली."

दुसऱ्या दिवशी रीता दोर आणायला लाखनीला गेली आणि गोमाजींनी शिडी काढली. सुलोचनाबाई बांधावर बसून होत्या. नवऱ्याला अडवण्याचा उद्योग त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडला होता.

"चढा. पण कपाटाची चावी देऊन ठेवा," त्या म्हणाल्या.

गोमाजी शिडीच्या वरच्या पायरीवर पोचले आणि अंगठ्याने पन्नी दाबून पाहिली. कवेलू बोलतो. भार वाढला की आधी कर्र करतो, मग फुटतो. पाय उचलायला तेवढी सवड देतो. पन्नी मात्र शेवाळाने बुळबुळीत, मुकाट खाली गेली आणि मुकाट वर आली. जे छप्पर बोलत नाही त्यावर पाय ठेवायचा नाही, हे हाताखालच्या प्रत्येक पोराला त्यांनीच शिकवलं होतं. ते उतरले.

"काय झालं?"

"तपासणी झाली," गोमाजी म्हणाले.

रीताने परत आल्यावर कमानीला टेकलेली शिडी पाहिली आणि ती आडवी करून ठेवली. तिला लागत होतं एक लांब मऊ कापड. ते साबणाच्या पाण्यात भिजवायचं, दोन्ही टोकांना दोर बांधायचा, छपरावरून पलीकडे न्यायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी जमिनीवर उभं राहून आलटूनपालटून ओढायचं. झाडू नाही; त्याने पन्नीला ओरखडे पडतात.

"माझं जुनं लुगडं घ्या," सुलोचनाबाई म्हणाल्या. "नवीन आणाचं तेवढं कबूल करा."

गोमाजींनी घाईघाईने कबूल केलं.

सकाळी वारा पडलेला होता. दोर पलीकडे फेकायला दगड बांधला तर पन्नी फाटणार, म्हणून रीताने फडक्यात भुसा भरून गोळा केला. तिने फेकला की तो अर्ध्यातून घसरून पायाशी यायचा. गोमाजींनी गोळा हातात तोलला, छपराचा माथा एका डोळ्याने पाहिला आणि फेकला. गोळा माथ्यावर टेकला, जरासा थांबला आणि सावकाश पलीकडे उतरला.

मग लुगडं चाललं. काळं पाणी ओघळलं, मागे पांढरा पट्टा निघाला, त्याच्या शेजारी दुसरा. शेवटी साध्या पाण्याने धुतल्यावर रीता आत जाऊन मिरचीच्या ओळीत उभी राहिली. तिची सावली जमिनीवर स्वच्छ पडली होती. ती तिथूनच म्हणाली, "मामाजी, या. पाहा तुमचं काम."

गोमाजी दारापर्यंत गेले. कपाळावर हात धरून त्यांनी छप्पर खालून पाहिलं. आजवर एकही छप्पर त्यांनी खालून नीट पाहिलं नव्हतं.

एवढ्यात रस्त्यावर गावातल्या तेजरामने मोटारसायकल थांबवली. त्याच्या शेतातही असंच काळवंडलेलं पॉलीहाऊस होतं.

"काय गा गोमाजी, आता चढणं होत नाही वाटते?"

बांधावर सुलोचनाबाई लुगडं पिळायच्या थांबल्या.

"चढून त कोणीही पडते, तेजराम," गोमाजी म्हणाले. "पाय न लावता छप्पर धुवाले गोमाजीच लागते. उद्या सकाळी तुझ्याकडे येतो. शिडी नोको काढू. लुगडं काढून ठेव."

"तुझ्या बायकोचं," सुलोचनाबाई म्हणाल्या.