मापट्यातून कोळवे वजा

मी एक जुने कोळवे आहे. मित्रांनो, हसू नका. धान्याच्या मापांत मी धाकटे. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा शेर. शेराचा रुबाब सगळे पाहतात. त्याच्या पोटात आम्ही आठजण असतो, हे कोण विचारतो?

माझा जन्म सूर्यमाळच्या रानातला. बांबूचे चांगले पेर निवडून लाडक्या नावाच्या माणसाने मला कापले, माझा काठ घासून गुळगुळीत केला आणि लेकीबरोबर मला पोशेऱ्याला सासरी पाठवले. तिचे नाव रामी. तिची एक रीत होती. दळायला मापटेभर नागली काढली, की त्यातले एक कोळवे ती बियाण्यासाठी बाजूला ठेवी. वर्ष कितीही वाईट असो, तिने ही रीत मोडली नाही.

तिचा नवरा फागू जव्हारला राहून शिकला होता. संस्थानाने पाड्याला शाळा मंजूर केली होती, पण डोंगरात यायला कोणी मास्तर तयार नव्हता. फागू मास्तरकीची परीक्षा पास झाला तरच शाळा, नाहीतर मंजुरी रद्द.

आणि फागूचे घोडे एका गणितापाशी अडले होते. तीन भागिले सातचा पाचवा घात, त्यातून दोन भागिले सातचा सहावा घात वजा करायचे. फागू सगळे सात गुणत बसे. छेदाला छेद गुणी. पाटी भरली की थुंकी लावून वरची ओळ पुसे, आणि हातचा नेमका तिच्यातच जाई. मला त्याची फार कीव येई.

परीक्षेला दोन दिवस उरले. रामी ओट्यावर नागली मोजत होती. फागूने पाटी आपटली आणि राग तिच्यावर काढला.

"रोज मापट्यातनं कोळवं काढतेस. किती उरतं ते तरी ठाव हाय का, अडाणी?"

"तीन कोळवी," रामी म्हणाली.

"पाटीबिगर कसं केलंस?"

"पाटी कशाला? मापटं म्हंजे चार कोळवी. एक गेलं, तीन राह्यली. दोघांत लहान माप कंचं, तेच धरायचं. खंडी नि मण मधी आणायचेच कशाला?"

फागूने मला हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिले. मग त्याने एक भागिले सातचा सहावा घात हेच आपले कोळवे धरले. एक भागिले सातचा पाचवा घात म्हणजे अशी सात कोळवी, म्हणून तसे तीन भाग म्हणजे एकवीस. त्यातून दोन गेली, एकोणीस राहिली. उत्तर आले, एकोणीस भागिले सातचा सहावा घात. पुस्तकात याला समाईक अवयव बाहेर काढणे म्हणतात.

"झालं?" रामीने विचारले.

"झालं. दोन ओळीत."

फागू पास झाला. पुढे कित्येक वर्षे त्याने वर्गात मला हातात धरून मुलांना अपूर्णांक शिकवले. मग लोखंडी मापे आली, मला चीर गेली आणि मी कोपऱ्यात पडले. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, फुटके माप तुम्ही फेकलेत तरी चालेल. पण पाटीवाचून हिशेब करणाऱ्या माणसाला अडाणी म्हणू नका. फागूने तो शब्द मागे कसा घेतला, ते मी पाहिले आहे. शाळेच्या पहिल्याच दिवशी त्याने हजेरीपटावर सगळ्यांत वर रामीचे नाव लिहिले. ती दारातच थबकली.

"पोरांत बसू? लोक हसतील."

"हसू देत. तू मला शिकवलंस. आता मी तुला शिकवतो."

रामी आत आली आणि पहिल्या रांगेत बसली.