दोरीमास्तरांची गाठ

कचरागाडीवरच्या मुकादमाने चिमट्याने ते पुडकं रद्दीच्या पिंपातून वर काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने करकचून बांधलेलं, विटेएवढं.

"रद्दी एवढी मऊ असते होय?" त्याने विचारलं.

जिन्याखालच्या फरशीवर निम्मी इमारत जमली होती. सगळ्यांत मागे दोरीमास्तर उभे होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नवा कायदा आल्यापासून काळ्या पिशव्या बंद झाल्या होत्या. पिशवीतून आतलं दिसलं पाहिजे. ओलं वेगळं, सुकं वेगळं, आणि शरीराशी संबंधित जे काही असेल ते निराळ्या पाकिटात घालून, वर लाल खूण करून, थेट गाडीवाल्याच्या हातात द्यायचं. चुकलं तर अख्ख्या इमारतीचा कचरा तसाच पडून राहणार आणि चुकणाऱ्याचं नाव खालच्या फळ्यावर लागणार. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने भाजीच्या देठांत घड्याळाचा सेल टाकला, तर फळ्यावरचं नाव पुसलं जाईपर्यंत बिचारा जिन्यातून चोरासारखा ये-जा करायचा. आणि तो नुसता सेल होता!

मास्तरांच्या पुडक्यात डायपर होता. मोठ्या माणसांचा. ऑपरेशननंतर त्यांना लघवी धरवत नव्हती, हे डॉक्टरला ठाऊक आणि त्यांना ठाऊक. बायको असती तर तिला सांगितलं असतं. मुलगा परगावी नोकरीला, त्याला फोनवर काय सांगायचं? आणि सुनेला? छे! त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटायचं. ते लांबच्या चौकातल्या दुकानातून पाकीट आणायचे, कोटाच्या आत लपवून. आणि सकाळी फिरायला निघताना जुन्या पेपरात गुंडाळलेलं पुडकं रद्दीच्या पिंपात सरकवायचे. इतके महिने कुणाला पत्ता लागला नव्हता. झाकली मूठ. मास्तरांना त्याचा थोडा अभिमानसुद्धा वाटायला लागला होता.

"कुणाचं आहे, आत्ताच सांगा," मुकादम म्हणाला. "नाहीतर इथेच उघडतो."

त्याने सुतळीचं टोक ओढलं. गाठ आणखी आवळली. दुसरं टोक ओढलं, ती हलली नाही.

"कसं बांधलंय हे!"

सेक्रेटरी पुढे वाकले. गृहस्थ मनाने वाईट नव्हते, पण नाक खुपसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो, ही गाठ मी पाहिलीय. माझ्या गाद्या बांधल्या होत्या ना, तेव्हा..."

आणि ते वळून मागे बघायला लागले.

मास्तरांचा जन्म गोदामात माल बांधण्यात गेला होता. त्यांनी बांधलेला गठ्ठा बोटीतून, गाडीतून, हमालांच्या हातून फेकला जाऊनही सुटत नसे. गाठीच्या वेढ्यावर दुसऱ्याला बोट ठेवायला सांगतो तो कसला बांधणारा, असं ते म्हणायचे. त्यांना कधी कुणाचं बोट लागलं नाही. त्या गाठीत एक गोम होती. दोन्ही टोकं सोडून मधला छोटा फास खालून वर ओढला, की एका ओढीत सगळी सुटायची. ती गोम त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, पोटच्या पोरालाही नाही. पुडकं बांधताना साधी गाठ मारायची हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जित्याची खोड, दुसरं काय!

"मास्तर," सेक्रेटरी जरा हळू म्हणाले, "ही तुमचीच गाठ ना?"

माना वळल्या. मास्तर कोटाचं खालचं बटण लावत होते आणि काढत होते.

"सुरी आणा कुणीतरी," मुकादम म्हणाला.

"थांबा. ते माझं आहे."

फाटकातून सून आत येत होती. बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, ती आत्ता परतत होती. खांद्याला पिशवी, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. तिने पिशवी फरशीवर टेकवली आणि सरळ मुकादमापुढे हात पसरला.

"वहिनी, तुम्ही तर चार दिवस नव्हता," सेक्रेटरी म्हणाले.

"जायच्या गडबडीत टाकलं. चुकलंच माझं."

"पण ही गाठ तर मास्तरांची..."

"त्यांच्या घरात राहते मी. त्यांची गाठ मला येणार नाही?"

तिने पुडकं हातात घेतलं, अंगठा फासाखाली घातला आणि खालून वर ओढला. सुतळी सुटून लोंबायला लागली. कागद मात्र तिने दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरला होता.

"बायकांचं आहे," ती मुकादमाकडे बघत म्हणाली. "उघडून दाखवू? सगळ्यांसमोर?"

मुकादमाने नजर खाली घातली. सेक्रेटरींना एकाएकी चष्मा पुसायची आठवण झाली. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, पुरे आता! शोभतं का हे?" सुनेने तिथेच सुतळीचे वेढे घेतले, तीच गाठ मारली, पिशवीतून लाल खुणेचं पाकीट काढून पुडकं त्यात घातलं आणि गाडीवाल्याच्या हातात दिलं. सेक्रेटरींनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं, तेव्हा खडू किंचित अडखळला. ती जिना चढायला लागली होती.

गर्दी पांगली तरी मास्तर तिथेच उभे होते. त्यांना फासाखाली गेलेला तो अंगठा पुन्हा पुन्हा दिसत होता. तिने शोधलं नव्हतं, चाचपडली नव्हती. रोजचं काम करावं तसं केलं होतं. आणि प्रवासाहून येणाऱ्या बाईच्या पिशवीत लाल खुणेची पाकिटं कशाला असतात? इतके महिने पकडलं गेलं नाही, आणि ती चार दिवस गेली तर पकडलं गेलं. शाबास दोरीमास्तर! आणि आपल्याला वाटत होतं, आपण हुशार.

ते वर गेले तेव्हा सून हातपाय धुऊन स्वयंपाकघरात उभी होती. चहाचं पाणी उकळत होतं.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "बहिणीला. नाक अगदी आमच्या आईचं."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. ते खुर्चीवर बसले. "ती गाठ... बांधायला कुठे शिकलीस?"

तिने गॅस बारीक केला.

"सोडता सोडता," ती म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसू नयेत असं त्यांना वाटत होतं. तिने चहा गाळून कप त्यांच्यापुढे ठेवला आणि मुद्दाम भांड्यांकडे वळली.

"बाथरूममध्ये झाकणाचा एक डबा ठेवते," ती पाठमोरीच म्हणाली. "पाकिटं वरच्या फळीवर असतील. सकाळी गाडीवर मी नेऊन देत जाईन."

"फळ्यावर तुझं नाव लागलं."

"लागू दे की. निदान सगळ्यांना कळेल तरी, मीही या घरात राहते ते."

मास्तरांना हसू आलं, आणि त्या हसण्यातच एक हुंदका निसटला. चहा संपल्यावर ते उठले, कोपऱ्यातली खरीखुरी रद्दी घेऊन आले आणि टेबलावर नीट रचली. खिशातून सुतळी काढली.

"तुझा दुसरा वेढा सैल राहिला होता," ते म्हणाले. "ये, बस. दाखवतो."

ती हात पुसत आली आणि समोर बसली. त्यांनी एक वेढा घेतला, दुसरा घेतला, आणि थांबले.

"इथे बोट ठेव," ते म्हणाले.